कायदे गेले, प्रश्न राहिला

दिल्लीच्या वेशीवर सिंघू, टिकरी व गाझीपूर येथें पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्यांनीं २०२० च्या नोव्हेंबरअखेर जो तळ दिला, तो पुढल्या वर्षीं ११ डिसेंबरास हालला. मधल्या वर्षांत चर्चेच्या अकरा फेऱ्या फुकट गेल्या, २६ जानेवारीस लाल किल्ल्यावर अशोभनीय प्रकार घडले, लखीमपूर खेरी येथें रक्त सांडलें, आणि अखेर १९ नोव्हेंबर २०२१ रोजीं पंतप्रधानांस तीनही कायदे मागें घेत असल्याचें जाहीर करावें लागलें. एका पक्षानें याला विजय म्हटलें, दुसऱ्यानें सुधारणेचा पराभव. आमच्या मतें हे दोन्ही निवाडे उतावळे आहेत.

कायदे काय होते हें प्रथम पाहूं. पहिल्यानें बाजार समितीच्या आवाराबाहेर, केवळ पॅन क्रमांक असलेल्या कोणासही शेतमाल खरेदी करण्याची मुभा दिली व त्या व्यवहारावर राज्यांनीं बाजार फी घेऊं नये असें ठरविलें. दुसऱ्यानें आगाऊ कराराच्या शेतीस चौकट दिली. तिसऱ्यानें धान्यें, कडधान्यें, तेलबिया, कांदे व बटाटे यांच्या साठ्यावरील मर्यादा, असाधारण प्रसंग सोडून, काढून टाकल्या.

यांतील मूळ कल्पनेशीं आमचें वैर नाहीं. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापसाच्या व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रांत १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला. दोहोंमागील हेतु एकच, कीं मापांत व भावांत शेतकरी नागवला जाऊं नये. परंतु ज्यानें राखण करावी त्यानेंच कणसें खुडावीं, अशी स्थिति पुष्कळ आवारांत झाली. रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारे भाव, कडत्याच्या नांवाखालीं होणारी कापणी, महिनोन् महिने अडकलेली पट्टी, हे प्रकार आमच्या वाचकांस सांगावयास नकोत. अशा आवाराबाहेर दुसरा गिऱ्हाइक उभा राहावा, ही शेतकऱ्याची इच्छा न्याय्यच आहे. शरद जोशी यांनीं स्थापिलेल्या शेतकरी संघटनेनें या कायद्यांचें स्वागत केलें, तें याच कारणानें. तेव्हां विरोध करणारे तेवढे शेतकरी व पाठिंबा देणारे सारे दलाल, अथवा याच्या उलट, ही वाटणी खोटी आहे.

मग पंजाबचा शेतकरी कां चवताळला? त्याचा गहूं व भात सरकार हमीभावानें बाजारांतूनच उचलतें. बाजारांत फी, उपकर व आडत मिळून शेंकडा आठांवर बोजा, आणि बाहेर कांहींच नाहीं, अशी तागडी मांडली म्हणजे व्यापार बाहेर जाणार, बाजार सुकणार, आणि बाजाराबरोबर हमीभावाची खरेदीहि सुकणार, असें त्यानें अनुमान केलें. बिहारनें २००६ सालीं बाजार समित्यांचा कायदा रद्द केला. तेथील भात आजहि पुष्कळदां हमीभावाच्या खालीं विकला जातो, हें त्याच्या डोळ्यांपुढें होतें. उलटपक्षीं, हमीभावाच्या आशेनें केलेल्या भातशेतीनें पंजाबची भूमि पाण्यावांचून पोखरली जात आहे. आणि शांताकुमार समितीनें २०१५ सालीं सांगितल्याप्रमाणें हमीभावानें सरकारी यंत्रणेस माल विकणारे शेतकरी देशांत शेंकडा सहाच आहेत. म्हणजे जुनी व्यवस्था तशीच राहावी असेंहि म्हणवत नाहीं. भीति खरी होती, आणि सुधारणेची गरजहि खरी होती. अशा प्रसंगींच राज्यकर्त्याच्या शहाणपणाची कसोटी लागते.

ती कसोटी उतरली नाहीं. ५ जून २०२० रोजीं, साथीच्या ऐन भरांत, हे कायदे अध्यादेशाच्या रूपानें निघाले. घटनेप्रमाणें शेती व बाजार हे राज्यांचे विषय. तरी समवर्ती सूचींतील अन्नधान्याच्या व्यापाराच्या नोंदीचा आधार घेऊन केंद्रानें हात घातला. विधेयकें निवड समितीकडे पाठवावीं ही मागणी नाकारली गेली, आणि २० सप्टेंबरास राज्यसभेंत मतविभागणीची मागणी बाजूस सारून आवाजी मतानें काम उरकलें. पुढें २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं तेच कायदे दोन्ही सभागृहांनीं एका दिवसांत, चर्चेवांचून, रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनें मार्च २०२१ मध्यें दिलेला अहवाल वर्षभर बंद लिफाफ्यांत राहिला. अखेर तिच्यांतील एक सभासद अनिल घनवट यांस तो स्वतः प्रसिद्ध करावा लागला. ज्यांच्या पोटाचा प्रश्न, त्यांस करतांनाहि विचारलें नाहीं आणि मोडतांनाहि समजाविलें नाहीं!

कायद्याचे अभ्यासक या नात्यानें आम्हांस सर्वांत बोंचलें तें एक कलम. या व्यवहारांतील तंटे दिवाणी न्यायालयांत नेण्यास बंदी करून ते उपविभागीय अधिकाऱ्यापुढें नेण्याची तरतूद होती. निकाल तीस दिवसांत लागावा, हा हेतु चांगला. कराराच्या कायद्यांत शेतकऱ्याच्या जमिनीस हात लावूं नये असेंहि स्पष्ट म्हटलें होतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण १८७५ सालीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा पेटला, तेव्हां परक्या सरकारनें १८७९ चा कायदा करून न्यायालयांस कर्जाच्या मुळापर्यंत जाऊन चौकशी करण्यास सांगितलें. परक्यांनीं जें दार रुंद केलें, तें स्वकीयांनीं लावून घ्यावें काय?

दुसरें असें, कीं स्वातंत्र्य देणाऱ्याचा शब्द तरी टिकावा. १४ सप्टेंबर २०२० रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली. दुसऱ्याच दिवशीं लोकसभेनें कांद्यास साठाबंदींतून मोकळें करणारें विधेयक मंजूर केलें. आणि २३ ऑक्टोबरास घाऊक व्यापाऱ्यास २५ टन व किरकोळ विक्रेत्यास २ टन अशी मर्यादा पुन्हा बसली. भाव पडले तर बाजार मोकळा, आणि चढले तर बाजार बांधलेला, हा खेळ ज्यानें पाहिला, त्या लासलगांवच्या शेतकऱ्यास मुक्त बाजाराचे धडे कोणत्या तोंडानें द्यावयाचे?

आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. कायदे गेले म्हणून ज्या आडत्यांनीं सुटकेचा निश्वास टाकला असेल, त्यांनीं तो लांबवूं नये. फेब्रुवारी २०२४ मध्यें पंजाबचे शेतकरी हमीभावाच्या कायद्यासाठीं पुन्हा निघाले, शंभू व खनौरी येथें अडविले गेले, आणि मार्च २०२५ मध्यें त्यांचे तळ पोलिसांनीं उठविले. तळ उठला, तरी प्रश्न उठत नाहीं. आज आवाराची अब्रू तुमच्या हातीं आहे. उघडा लिलाव, खरा कांटा, त्याच दिवशीं पट्टी, एवढें तुम्हीं पाळलें तर बाहेरच्या बड्या भांडवलदाराचें भय तुम्हांसहि उरणार नाहीं. न पाळाल, तर उद्यां दुसरा कायदा येईल, आणि त्या वेळीं शेतकरी तुमच्यासाठीं रस्त्यावर बसणार नाहीं.

सरकारास आमचें सांगणें थोडें आहे. आधीं गोदामें व शीतगृहें बांधा, समित्यांच्या निवडणुका व हिशेब स्वच्छ करा, आंतल्या व बाहेरच्या बाजारास एकच कर लावा, न्यायालयाचें दार उघडें ठेवा, आणि जें करावयाचें तें राज्यांशीं व शेतकऱ्यांशीं बोलून करा. औषध कितीहि गुणकारी असो, रोग्याचे हातपाय बांधून तें घशांत ओतलें म्हणजे तो तें ओकून टाकणारच. आणि मग पुढच्या वैद्यावरहि त्याचा विश्वास बसत नाहीं. सुधारणेची खरी हानि झाली ती येथें.