जीव घाबरतो तेव्हा

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२पासून तो जगभर पाळला जातो. आपल्याकडे तो ऐन सोयाबीनच्या सवंगणीत येतो. कपाशीची पहिली वेचणी तोंडावर असते, मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून आलं तर जिवाचं पाणी होतं. शाळेत एखादं भाषण, दवाखान्यात एखादा फलक, आणि दिवस मावळतो. यंदा नाचणगाव-पुलगावच्या वाचकांशी आम्हाला एकाच आजाराबद्दल बोलायचं आहे, तो म्हणजे चिंतारोग. दारूच्या व्यसनाबद्दल, आत्महत्येबद्दल निदान सभांतून बोललं जातं. चिंतारोगी मात्र आपल्यातच वावरतो, डबा बांधतो, ड्युटीवर जातो, लग्नात पंगतीला बसतो. त्याच्या आत काय चाललं आहे ते बाजूला बसलेल्याला कळत नाही, आणि तो सांगतही नाही.

भीती म्हणजे काय हे या भागाला कोणी शिकवायला नको. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोटांनी जमीन हादरली. आसपासच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी, लेकरं काखेत मारून अंधारात बाहेर पडली. आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे कर्मचारी आणि दोन लष्करी अधिकारी यांच्यासह कितीतरी जणांचा त्या रात्री जीव गेला. पुढे २० नोव्हेंबर २०१८ला सकाळी सोनेगाव (आबाजी) शिवारात, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत पोटासाठी मजुरीवर गेलेली खेड्यांतली माणसं होती. अशा घटनेनंतर भांडं पडलं तरी दचकणं, रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणं, घरचा माणूस ड्युटीवरून परत येईपर्यंत दारात उभं राहणं, यात आजार काही नाही. संकट खरं होतं, भीतीही खरी होती. बहुतेकांचं मन काही आठवड्यांत आपोआप सावरतं. काहींचं सावरत नाही. आणि काही जणांना तर असलं कोणतंही संकट न पाहताच तीच धडधड लागते, भर दुपारी, घरात सगळं ठीक असताना.

कारण संपलं तरी भीती जात नाही, कारणाच्या मानाने ती फार मोठी असते, आणि रोजचं जगणं ती अडवू लागते, तेव्हा तिला आजार समजावं. कोणाला सहा-सहा महिने पोरांची, पैशाची, तब्येतीची काळजी एका क्षणापुरतीही सोडत नाही. कोणाला चार लोकांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. कोणाला अचानक झटके येतात. यातला झटका जरा जवळून पाहू, कारण घरचे सगळ्यांत जास्त त्यालाच फसतात.

पुलगावहून वर्ध्याला निघालेली एसटी. खिडकीशी एक बाई बसली आहे, मांडीवर पिशवी. गाडी स्टँडातून बाहेर पडते आणि काही कारण नसताना तिचं काळीज उडू लागतं. श्वास पुरत नाही असं वाटतं, म्हणून ती भराभरा श्वास घेऊ लागते. त्या भराभरा श्वासानेच बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं पडतं. मुंग्या आल्या म्हणजे हा हार्ट अटॅकच, अशी तिची खात्री होते, आणि त्या विचाराने काळीज आणखी जोरात धावतं. तळहात घामाने ओले, पाय गार. शेजारची विचारते, "काहून वो बाई, का झालं?" तिला उत्तर देता येत नाही. ती कंडक्टरला हाक मारून मधल्याच थांब्यावर उतरते, आणि उतरल्यावर काही मिनिटांत तिला बरं वाटतं.

ती उतरली नसती तरी तिला बरं वाटलंच असतं. असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, माणूस बसमध्ये असो की झाडाखाली. पण तिच्या मनाने धडा घेतला तो वेगळाच: उतरले म्हणून वाचले. पुढच्या खेपेला ती बसने जायचंच टाळते. मग आठवडी बाजार टळतो, मग माहेरचं लग्न, मग घरात एकटं थांबणं. दर वेळी टाळलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो, आणि त्या सुटकेच्या मोबदल्यात भीतीचं राज्य थोडं वाढतं. वर्षभरात धडधाकट माणूस दोन खोल्यांत अडकून पडतो.

पहिल्यांदा असं झालं की दवाखाना गाठावाच. छातीत दुखणं, दम लागणं यामागे हृदयाचं, थायरॉईडचं, रक्त कमी असल्याचं कारण असू शकतं. ते आधी तपासून घ्यायला हवं. पण कार्डिओग्राम साफ निघाल्यावर "काही नाही झालं, मनाचं आहे" एवढं सांगून पेशंटला घरी पाठवलं जातं, ते आम्हाला पटत नाही. काही नाही कसं? तिने मरण पाहिलं आहे. कोणता आजार नाही हे तिला कळलं, कोणता आहे हे कोणी सांगितलंच नाही. मग पुढची फेरी दुसऱ्या डॉक्टरकडे, तिसऱ्याकडे, शेवटी बाहेरचं पाहणाऱ्याकडे. घरातले दागिने मोडून हे फेरे चालतात. देवाला नवस बोलायला कोणाची ना नाही. पण उतारे-ताईत करण्यात गेलेलं वर्ष हे त्या बाईच्या आयुष्यातलं वर्ष असतं.

आता घरच्यांबद्दल. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

घरच्यांची पहिली तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मन घट्ट कर, टेन्शन नको घेऊ, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. बोलणाऱ्याच्या पोटात माया असते, हे आम्ही जाणतो. पण मन घट्ट करून हे थांबत असतं तर त्या माणसाने कधीच थांबवलं असतं. दिवसभर तो दुसरं करतो काय? या बोलण्याने एवढंच होतं की तो पुढचा झटका तुमच्यापासून लपवायला शिकतो.

दुसरी तऱ्हा जास्त मायेची, आणि म्हणून ओळखायला जास्त कठीण. सुनेला बाजाराची भीती वाटते, म्हणून सासूबाई स्वतःच बाजार करून आणतात. नवरा रजा टाकून घरी बसतो. "मला काही होणार नाही ना?" असं ती दिवसातून पंधरा वेळा विचारते, आणि घरचे पंधरा वेळा "नाही होणार" म्हणतात. सोळाव्यांदा ती पुन्हा विचारते, कारण दिलासा तासभरही टिकत नाही. घरच्यांनी सगळं केलं, जिवापाड केलं, तरी आजार वाढत गेला, आणि का वाढला ते कोणालाच उमगत नाही. टाळण्याच्या कामात सगळं घर तिचं भागीदार झालं, म्हणून तो वाढला.

मग करायचं तरी काय? पोराला सायकल शिकवताना आपण मागची सीट धरून धावतो, सायकल त्याच्यासाठी आपण चालवत नाही. इथेही तसंच. झटका आला असेल तेव्हा शेजारी बसा, आवाज चढवू नका, सल्ला देऊ नका. "हा तोच झटका आहे, थोड्या वेळात ओसरेल, मी आहे इथेच" एवढं पुरे. श्वास सावकाश बाहेर सोडायला सांगा, तुम्हीही तिच्यासोबत सोडा. झटका गेल्यावर लगेच चर्चा नको. आणि एरवी, बऱ्या दिवशी, छोटी पावलं ठरवा. पहिल्या आठवड्यात नुसतं स्टँडपर्यंत जायचं आणि दोन गाड्या सुटताना पाहून परत यायचं. मग एका थांब्यापर्यंतचं तिकीट. "वहिनी, मी मागच्या सीटवर बसते, तुम्ही खिडकीशी बसा," असं नणंदेने म्हणावं, आणि काही दिवसांनी दुसऱ्या गाडीने मागून यावं. धडधड होईल. ती होत असताना गाडीत बसून राहता आलं, हीच कमाई. पावलं किती आणि केव्हा, हे ती ठरवेल. तुम्ही ओढत न्यायचं नाही, आणि मागेही खेचायचं नाही.

हेच पद्धतशीरपणे, टप्प्याटप्प्याने करून घेण्याचं शास्त्र आहे, आणि प्रशिक्षित समुपदेशक ते करून घेतात. जोडीला, गरज पडली तर, गोळ्या असतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीचे काही दिवस अस्वस्थता थोडी वाढूही शकते. नेमक्या त्याच दिवसांत घरचे म्हणतात, "बंद कर त्या गोळ्या, सवय लागेल." ज्या गोळ्या चिंतारोगावर महिनोन्‌महिने दिल्या जातात, त्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही, मात्र त्या मनाने एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी कराव्यात. सवय लागते ती झटपट शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची, आणि त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून सर्रास आणल्या जातात. तिथे घरच्यांनी जरूर हात धरावा.

पुरुषांचं काय? त्यांची धडधड बरेचदा संध्याकाळी दारूत बुडवली जाते. दोन घोट पोटात गेले की छाती शांत होते. सकाळी नशा उतरताना तीच धडधड दुपटीने परत येते. गावाला तो दारुडा दिसतो. त्याची पहिली तक्रार भीतीची होती, आणि ती सांगायला त्याला जागा नव्हती, कारण घाबरणारा पुरुष म्हणजे भित्रा असं आपण लहानपणापासून त्याच्या कानीकपाळी ओरडत आलो.

याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९३६पासून राहिलेल्या एका माणसाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात आपला पहिला खटला चालवायला उभे राहिले. उलटतपासणी करायची होती. डोकं गरगरू लागलं, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, तीस रुपये फी परत केली आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितलं. लंडनमध्ये शाकाहारी मंडळींच्या सभांतही स्वतः लिहून नेलेलं भाषण त्यांना वाचता येत नसे. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याला आजाराचं नाव द्यायचा आमचा हेतू नाही. पण ज्याची जीभ भर कोर्टात टाळ्याला चिकटली, त्याला भित्रा म्हणायची आज कोणाची छाती आहे?

उपचार मिळत नाहीत असंही वर्धा जिल्ह्यात म्हणता येणार नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी (मेघे) इथे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. एवढे मोठे दवाखाने हाकेच्या अंतरावर असणं किती जिल्ह्यांच्या नशिबी येतं? तरीही बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं ते असं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांतल्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला आम्ही धजत नाही. अडचण दवाखान्याच्या अंतराची कमी आणि उंबऱ्याची जास्त आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेत उभं असताना ओळखीचं कोणी दिसलं तर काय, हा प्रश्न घरच्यांनाच आधी पडतो. मुलीचं लग्न जमायचं असेल तर विचारूच नका.

उंबरा ओलांडता येतो, हेही याच मातीत दिसलेलं आहे. ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प विदर्भातल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी, चावडीवर, बचत गटात मनाच्या आजारांबद्दल बोलायचं, साधं समुपदेशन करायचं, आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे न्यायचं. नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये हे ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त मांडलं. चिंतारोग हा नैराश्याचा नेहमीचा सोबती, त्यामुळे जे तिथे जमलं ते इथेही जमण्यासारखं आहे. त्या गावांत नवीन इस्पितळ कोणी बांधलं नव्हतं. ओळखीची बाई दारात आली, खाली बसली आणि "झोप लागते का गं?" असं विचारलं, एवढ्याने कितीतरी दारं उघडली.

म्हणून यंदाच्या १० ऑक्टोबरला नाचणगावच्या ग्रामपंचायतीकडे आमचं मागणं मोठं नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते, आणि रात्री दोन वाजता झटका आलेल्याला दुसरं कोण भेटणार? त्याच फलकावर सेवाग्राम, सावंगी आणि वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार लिहावेत. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मंडळींकडून दोन दिवसांचं शिक्षण मिळवून द्यावं. आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्या सासवा, नवरे, आया, भाऊ यांना महिन्यातून एकदा एकत्र बसायला शाळेची एक खोली उघडून द्यावी. पंधरा वेळा तोच प्रश्न ऐकून त्यांचेही कान आणि मन थकलेलं असतं. त्यांना कोणी विचारत नाही. सवंगणीची घाई आहे हे आम्हालाही दिसतं. पहिली बैठक दिवाळीनंतर ठेवली तरी चालेल.