इन्सुलिनची सुई ओल्या कचऱ्यात नको

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाशी एक तरुण मुलगा रोज सकाळी ओला-सुका कचरा हाताने वेगळा करतो. परवा त्याच्या बोटाला इन्सुलिनची सुई टोचली. ‘काकू, होतं असं नेहमी,’ म्हणत त्याने रक्त पँटला पुसलं आणि पुढची पिशवी उघडली. मी महापालिकेच्या रुग्णालयांत आयुष्यभर नर्स होते. बोट साबणाने धुवायला लावून त्याला रिक्षाने कॅज्युअल्टीत नेलं. हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. हे नावच त्याने ऐकलं नव्हतं.

रुग्णालयात सुई वापरली की टोपण न लावता ती थेट पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या मामा-मावशींनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. एचआयव्हीचा हजारात साधारण तीन. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. पण दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, म्हणून कामगार जातच नाही.

आता घरोघरी मधुमेह आहे, अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. रुग्णालयातली सुई, ड्रेसिंग, कॅथेटर सगळं आपल्या स्वयंपाकघराच्या बादलीत आलं, मात्र कामगाराचं संरक्षण रुग्णालयाच्या दारातच राहिलं. हे मला अन्यायाचं वाटतं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही घरातल्या सुया-सिरिंजना घातक कचरा मानून त्या वेगळ्या द्यायला सांगितलं. २०२५ मध्ये महापालिकेने सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी सेवा सुरू केली, हे चांगलंच झालं. पण त्या सेवेसाठी नोंदणी न केलेल्या सोसायटीतली सुई अजून भाजीच्या देठांतच जाते.

हातमोजे दिले की काम झालं, असं कंत्राटदार समजतात. साध्या रबरी मोज्यातून सुई सहज आरपार जाते. म्हणून लस हवीच. हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस तीन: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. पालिकेचा कायम कामगार असो, कंत्राटी असो की सोसायटीचा हाऊसकीपिंगवाला, ते प्रत्येकाला मिळायला हवेत. आणि घरात सुई वापरणाऱ्यांनी ती डिटर्जंटच्या जाड बाटलीत साठवावी, झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असं ठळक लिहून ती वेगळी द्यावी.

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या सोसायट्यांच्या सचिवांनीही कंत्राटात लिहून घ्यावं: लसीची नोंद असल्याशिवाय कुणालाही कचऱ्याच्या कामाला लावायचं नाही, लसीचा खर्च सोसायटीचा, आणि सुई टोचल्यावर दवाखान्यात गेलेला दिवस भरपगारी.