खटपट : डिसेंबरातला सूर्य आणि शेडमधला जनरेटर

मंडळी, 24 जानेवारी 2025 च्या एओविन वादळानं आयर्लंडातल्या 7 लाख 68 हजार ग्राहकांची लाइट घालवली. गॉलवेजवळ मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी 184 किलोमीटर मोजला गेला आणि 1945 सालचा उच्चांक मोडला. काही घरांत दोन आठवड्यांहून जास्त दिवस अंधार होता. छपरावर सोलर पॅनेल बसवलेल्या पुष्कळांना तेव्हाच कळलं, की बाहेरची लाइट गेली की आपली पॅनेलही गप्प बसतात. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरचा दाब गेल्याबरोबर थांबतो, आणि थांबायलाच हवा. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज तारेत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

तेव्हापासून आमच्याकडे जनरेटरचे प्रश्न वाढले आहेत. लेटरकेनीत आता मराठी घरं बरी आहेत. इस्पितळ आहे, आणि 2020 साली टीसीएसनं प्रामेरिकाचं इथलं काम घेतल्यापासून तर पुणे-ठाण्याची मंडळी दिसू लागली. त्यांतल्याच एका जोडप्यानं गार्टनच्या तळ्याकडं डोंगरात जुनं कॉटेज घेतलंय. विजेचा खांब फार लांब, जोडणीचा आकडा ऐकूनच दोघं खाली बसली. म्हणून ठरलं, की ग्रिड नकोच. सहा किलोवॅटची पॅनेल, पंधरा युनिट साठवणारी लिथियम बॅटरी, आणि अडीअडचणीला जनरेटर. प्रश्न असा आला : "काका, पंधरा केव्हीएचा घेऊ का वीसचा?"

आमचं उत्तर : पाचचा. पाचात सगळं भागतं, पण कसं ते समजून घ्यायला हवं.

आधी सूर्याकडं बघू. लेटरकेनी जवळजवळ 55 अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी इथला सूर्य क्षितिजापासून साडेअकरा अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्याला तो 48 अंशांवर असतो. उजाडतं नऊला दहा मिनिटं कमी असताना, आणि चारला सूर्य डोंगराआड. त्यात ढग. सहा किलोवॅटची पॅनेल जूनमध्ये दिवसाला वीस-बावीस युनिट देतील, लोकांना वाटून टाकावीत इतकी. डिसेंबरात तीच सरासरी साडेतीन युनिट देतात, आणि एखाद्या काळवंडलेल्या आठवड्यात रोज एकसुद्धा नाही. "मग दुप्पट पॅनेल लावू," असं कुणी म्हणेल. जागा असेल तर जरूर लावा, पॅनेल हल्ली जनरेटरच्या तेलापेक्षा स्वस्त पडतात. दक्षिणेच्या भिंतीवर उभी लावली तर हिवाळ्यातला तिरका सूर्य बरा पकडतात. पण शून्याची दुप्पट शून्यच, तेव्हा जनरेटर सुटत नाही.

आता घराची भूक. या दोघांचा स्वयंपाक गॅसवर, ऊब लाकडाच्या शेगडीची आणि रॉकेलच्या बॉयलरची. (हो, रॉकेलच. आपण रेशनच्या रांगेत डबा घेऊन ज्याच्यासाठी उभे राहायचो, ते इथं टँकरनं घरपोच येतं.) बॉयलरला स्वतःला वीज थोडीच लागते, पंपापुरती आणि पंख्यापुरती. फ्रिज, दिवे, विहिरीचा पंप, धुण्याचं मशीन, दोघांचे कॉम्प्युटर धरून दिवसाला आठ युनिट. म्हणजे डिसेंबरात रोज साडेचार युनिटांची तूट, महिन्याला एकशे चाळीस.

मग पंधरा केव्हीए कुठून आले? न्हाणीघरातून! इथल्या घरांत भिंतीवर तो इलेक्ट्रिक शॉवर असतो ना, तो एकटा आठ-नऊ किलोवॅट खातो. घरातली सगळी यंत्रं एकदम चालू झाली तर किती, या बेरजेत शॉवर धरला की आकडा फुगतो आणि दुकानदार खूश होतो. त्या दोघांना आम्ही सांगितलं, शॉवर काढा, पाणी बॉयलरवर तापवा. पंधराचा जनरेटर पाचावर आला तो तिथं.

मुख्य मुद्दा हा आहे, की बॅटरीच्या घरात जनरेटर घर चालवत नाही, तो फक्त बॅटरी भरतो. घर चालवतो इन्व्हर्टर. फ्रिज सुरू होतानाचा झटका, पंपाचा झटका, सगळं इन्व्हर्टर झेलतो. लोडशेडिंगच्या दिवसांत दुकानांपुढं फुटपाथवर जे जनरेटर धडधडत असत, त्यांना थेट दिवे-पंखे ओढायचे होते, म्हणून ती बेरीज खरी होती. इथं बेरीज चार्जरची करायची. 48 व्होल्टच्या बॅटरीला साठ अँपिअरनं भरायचं म्हटलं तर जनरेटरकडून साधारण साडेतीन किलोवॅट ओढले जातात. पाच केव्हीएचा जनरेटर सलग चार किलोवॅटच्या आसपास देतो, म्हणजे तो ऐंशी टक्के भारावर चालेल. इंजिनला तेच मानवतं. पंधरा केव्हीएच्या यंत्राला हेच काम दिलं तर ते पाव-तिसऱ्या हिश्श्यावर घरंगळत राहतं, दर युनिटाला तेल जास्त पितं, आणि डिझेल असेल तर न जळलेलं इंधन आणि काजळी धुराड्यात साचून इंजिन खराब होतं. बैलाला शेळीचं ओझं दिलं तर बैल सुखी होईल, इंजिन होत नाही.

इथं केव्हीए आणि किलोवॅट यांत गल्लत करू नका. पाच केव्हीए म्हणजे पाच किलोवॅट नव्हे. डब्यावरचा मोठा आकडा बहुधा क्षणभराच्या ताकदीचा असतो. सलग किती, तो बारीक अक्षरांतला आकडा वाचा. इन्व्हर्टर-चार्जरमध्ये 'बाहेरून इतकेच अँपिअर घ्यायचे' अशी मर्यादा घालता येते. ती पंधरा-सोळावर ठेवली की धुण्याच्या मशीननं पाणी तापवायला घेतल्यावर चार्जर आपोआप हात आखडतो आणि जनरेटर दमत नाही.

बॅटरी कधीही जनरेटरनं काठोकाठ भरू नये. वीस टक्क्यांवर आली की सुरू करा, ऐंशीवर थांबवा. साधारण तीन तास. वरची जागा सूर्याला ठेवा. उद्या दोन तास ऊन पडलं आणि बॅटरी आधीच तुडुंब असेल, तर ते ऊन वाया. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या असतील त्यांनी सकाळी लवकर जनरेटर लावावा. शेवटचा पाचवा हिस्सा त्या बॅटऱ्या अगदी थेंबाथेंबानं घेतात, ते काम दिवसभर पॅनेलना करू द्यावं. पण हिवाळ्यात आठवडा-पंधरवड्यातून एकदा त्या पूर्ण भरायलाच हव्यात. लिथियमवाल्यांना वेगळं पथ्य : पेशी शून्य अंशाखाली गेल्या असतील तर भरायच्या नाहीत, कायमच्या बिघडतात. तेव्हा बॅटरी घरात, जनरेटर शेडमध्ये. उलट नको.

हिशेब मांडला तर या कॉटेजला डिसेंबरात पंचेचाळीस तास, सगळ्या हिवाळ्यात मिळून शंभर-सव्वाशे तास जनरेटर लागेल. इंधन निवडायचं ते या आकड्यावरून.

डिझेलचं आम्हांला प्रेम आहे. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 ची. त्यांच्या इंजिनांवर अर्ध्या महाराष्ट्राचा ऊस भिजला. (त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला डब्लिन परगण्यात किलसॅलहन इथं आयरिश ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला खांब उभा राहिला.) डोनेगलच्या किनाऱ्यापलीकडं तोरी बेट आहे, तिथली वीज डिझेल जनरेटरचीच. पण तिथं अख्खं गाव आहे, भार सतत आहे. मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचं, पाण्यानं गार होणारं डिझेल यंत्र वर्षाला हजार तास चालवणाऱ्याला परवडतं. शंभर तासांसाठी ते जड, महाग आणि अवघडलेलं. तीन हजार फेऱ्यांचं स्वस्त डिझेल यंत्र? आवाज ऐकून या, मग ठरवा.

पेट्रोलचं यंत्र स्वस्त आणि हलकं. दर युनिटाला अर्धा लिटर धरा, डिसेंबरला ऐंशी लिटर. त्याची खोड वेगळी आहे. 2023 पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषतं, आणि मार्चमध्ये टाकीत राहिलेलं पेट्रोल नोव्हेंबरात कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. मग ऐन अंधारात दोरी ओढून खांदा निखळतो.

म्हणून आमचा कौल गॅसवर चालणाऱ्या यंत्राला. पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर चालणारी मिळतात. ताकद दहा टक्के कमी मिळते, पण गॅस शिळा होत नाही. मात्र सिलिंडर लालच घ्या. इथला लाल म्हणजे प्रोपेन, पिवळा म्हणजे ब्यूटेन. थंडी शून्यावर आली की ब्यूटेनचा वायूच होत नाही आणि यंत्र गुदमरतं. आपल्याकडचा घरगुती सिलिंडरही लाल, पण त्यात दोन्हींचं मिश्रण असतं, तेव्हा रंगावरून नातं जोडू नका. 47 किलोच्या सिलिंडरातून शंभर-सव्वाशे युनिट निघतात. डिसेंबरला दीड सिलिंडर.

आणि आता जे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल, ते. जनरेटर घरात नाही, घराला लागून असलेल्या गॅरेजात नाही, पोर्चमध्ये नाही, "दार उघडं ठेवलंय ना" म्हणून तर मुळीच नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप येते आणि ती झोप उतरत नाही. वादळानंतर माणसं दगावतात ती अशीही. स्वतंत्र शेड, घरापासून अंतर, धुराडं खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. जोडणी 'सेफ इलेक्ट्रिक'कडं नोंदलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. ज्यांच्याकडं ग्रिड आहे त्यांना चेंजओव्हर खटका सक्तीचा समजा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर भिंतीत खुपसून घर चालवणारे शूरवीर आम्ही पाहिले आहेत. वायरमनची आठवण वर केलीच आहे.

आपोआप सुरू होणारा जनरेटर घेणार असाल, तर इन्व्हर्टरच्या दोन तारांनी तो सुरू होतो का, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. नुसतं बटण असणं म्हणजे ते नव्हे. आणि महिन्यातून एकदा, जूनमध्येसुद्धा, वीस मिनिटं चार्जर जोडून चालवा. रिकामा फिरवून उपयोग नाही.

गार्टनचं यंत्र ऑक्टोबरात बसतंय. पवनचक्कीबद्दल तिघांनी विचारलंय. डोनेगलला वारा आहे, पण तो छपराजवळ फार घोटाळे करतो. त्याबद्दल पुढच्या अंकात.