'नुसतं शिकवते' म्हणणाऱ्यांस

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणा एका माणसाशी नाही, एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'नुसतं'.

"ती गाते का हो अजून?"
"छे, आता नुसतं शिकवते."

हा संवाद तुम्हीही ऐकला असेल. आमच्या घरच्या लग्नामुंजींत मी तो निदान दहा वेळा ऐकला आहे, आणि ज्यांनी ऐकवला त्यांतले काहीजण हा ब्लॉग वाचतात हेही मला ठाऊक आहे. वाचा, आणि रागावलात तर खाली लिहा.

त्या 'नुसतं'मध्ये काय काय भरलेलं असतं बघा. हिला गाणं जमलं नाही, कार्यक्रम मिळाले नाहीत, नाव झालं नाही, मग पोटासाठी चार पोरं गोळा केली. बर्नार्ड शॉने १९०३ साली 'मॅन अँड सुपरमॅन' या नाटकाला जोडलेल्या वचनांत शिक्षकांना असाच एक टोमणा मारून ठेवला. तेव्हापासून मास्तरांना हिणवायला कोणाला फार शोधावं लागत नाही. जन्मभर हातात खडू धरल्यावर मला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. पण गाणाऱ्या माणसाला कोणी हे ऐकवलं की राग येतो, कारण ते धडधडीत खोटं आहे. खोटं कसं, ते एका बाईच्या आयुष्यावरून सांगते.

शीला जॉर्डन ही अमेरिकेतली जॅझ गायिका. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कला गेली, ९६ वर्षांची होऊन. जॅझ म्हटलं की आपल्यातले निम्मे लोक पुढचं वाचत नाहीत, म्हणून एवढंच सांगते: गाण्याची एक ठरलेली चाल असते, तिच्याखाली स्वरांच्या मेळाची ठरलेली चौकट असते, आणि त्या चौकटीत राहून गाणाऱ्याने तिथल्या तिथे नवं काही काढायचं असतं. उपज कळणाऱ्याला हे कळायला जड नाही.

तिचा जन्म १९२८चा, डेट्रॉइटचा. बालपण पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात, आजी-आजोबांकडे, गरिबीत गेलं. पुढे डेट्रॉइटला परत आल्यावर शाळकरी वयात तिने ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून चार्ली पार्करचा सॅक्सोफोन ऐकला आणि आयुष्यभर करायचं काय ते ठरवून टाकलं. न्यूयॉर्कला आली. लेनी ट्रिस्टॅनो या पियानोवादकाकडे शिकली. पार्करला साथ करणारा पियानोवादक ड्यूक जॉर्डन याच्याशी लग्न केलं, ते टिकलं नाही. १९५५ साली झालेली मुलगी तिने एकटीने वाढवली. त्यासाठी जाहिरात कंपनीत टायपिस्टची नोकरी धरली. दिवसा टाइपरायटर, आणि जमेल तेव्हा रात्री क्लबात गाणं.

१९६२ साली जॉर्ज रसेलच्या 'द आउटर व्ह्यू' या तबकडीत ती एक साधं, घरोघरी म्हटलं जाणारं गाणं गायली. त्यात साथ थांबते आणि ती एकटीच गात राहते. कोणाचा आधार नाही, लपायला जागा नाही. लगेच पुढे 'ब्लू नोट'सारख्या नामांकित कंपनीने 'पोर्ट्रेट ऑफ शीला' ही तिच्या नावाची तबकडी काढली. आता बाई वर चढणार, असंच कोणालाही वाटलं असतं. पण स्वतःच्या नावाची दुसरी तबकडी निघायला १९७५ साल उजाडलं.

१९७८ साली ती न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जॅझ गायन शिकवू लागली. वय ४९. म्हणजे आपल्या हिशेबाने इथे गोष्ट संपायला हवी. झालं, आता नुसतं शिकवणार!

पण झालं ते उलटं. तिच्या बहुतेक तबकड्या त्यानंतरच्या आहेत. कॉलेजात तिने २००५ पर्यंत शिकवलं, आणि त्याच वर्षांत युरोप-जपानपर्यंत तिचं नाव झालं. टायपिंगची नोकरी १९८७ साली सुटली तेव्हा ती ५८ वर्षांची होती. म्हणजे नऊ वर्षं ही बाई कचेरी, वर्ग आणि मंच अशा तिन्ही ठिकाणी उभी होती. २०१२ साली तिला 'जॅझ मास्टर' हा सन्मान मिळाला, तिथला या क्षेत्रातला सर्वांत मोठा. अखेरच्या वर्षातही ती गात होती. शिकवण्याने गाणं संपतं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. गाणं आणि शिकवणं ही दोन कामं आहेत, असं आपण धरूनच चालतो. तिच्या बाबतीत ते एकच काम होतं. तिची खास आवड म्हणजे फक्त बास आणि गळा. ड्रम नाही, पियानो नाही, एक उभं, खर्जातलं तंतुवाद्य आणि ती. हार्वी श्वार्ट्झ, कॅमरन ब्राउन अशा बासवादकांबरोबर ती वर्षानुवर्षं अशी गायली. पियानो गायकाला मेळातले स्वर हातात देतो. बास एका वेळी बहुधा एकच स्वर देतो, बाकीचे आपल्या कानात असावे लागतात. पियानोची पट्टी दाबली की सूर येतो, गळ्याला पट्ट्या नसतात. सूर आधी ऐकू यावा लागतो, मग लागतो. म्हणजे अशा गायिकेचं खरं भांडवल कान, आणि वर्गात तयार करायचा असतो तोही कानच. ट्रिस्टॅनो आपल्या विद्यार्थ्यांकडून पार्कर, लेस्टर यंग यांचे वादनातले तुकडे गाऊन घ्यायचा. ते शिकलेली शीला पुढे मुलांना सांगे की आधी मूळ चाल नीट शिका, मग तिच्याशी काय खेळायचं ते खेळा. हे सांगताना ती स्वतःच्या गाण्यापासून दूर गेली, असं कोण म्हणेल?

आता कोणी म्हणेल, पण पैशासाठीच शिकवलं ना? हो, पैशासाठीही शिकवलं. मग? डॉक्टर पैसे घेतो तेव्हा त्याला कोणी 'नुसता तपासतो' म्हणतं का? गाण्याला आपल्याला पोसता येईपर्यंत आपण गाण्याला पोसायचं, अशा अर्थाचं ती अनेकदा सांगे. मला या विचाराइतका स्वाभिमानी विचार दुसरा माहीत नाही.

मात्र दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं भांडण आहे. 'टायपिस्ट ते जॅझ मास्टर' अशी संघर्षकथा फिरवून डोळे पुसणाऱ्यांशी. त्या मधल्या वर्षांत ती जे गायली असती आणि ध्वनिमुद्रित झालंच नाही, ते गेलं. कष्टाने ते परत येत नाही. पहिलीच तबकडी एवढी चांगली काढणाऱ्या गायिकेला टंकलेखन करावं लागतं, यात तिचं मोठेपण असेल, पण ऐकणाऱ्यांचं नाही. गरिबी ही काही रियाजाची पद्धत नव्हे.

आणि 'नुसतं' म्हणणारेच महिन्याच्या फीमध्ये घासाघीस करतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला "आपल्याच घरची आहे" म्हणून फुकट गायला लावणारेही तेच. शिकवणं हलकं ठरवलं की पैसे कमी द्यायला बरं पडतं. या शब्दाचा खरा उपयोग हा आहे!

म्हणून माझं सांगणं साधं आहे. तुमच्या नात्यात, ओळखीत कोणी गाणं शिकवत असेल तर "गातेस का अजून?" हे विचारायचं बंद करा. "सध्या काय शिकवतेस?" असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. जमलं तर एक दिवस वर्गात मागे जाऊन बसा. आणि फी महिन्याच्या पहिल्या तारखेला द्या, न मागता.