वाघ्या घेवड्याच्या बियाण्याचा वाली कोण?

यंदाच्या खरिपाची मळणी आटोपत असताना कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातून, म्हणजे वाठार स्टेशन, पिंपोडे आणि देऊर या टापूतून, आमच्याकडे जी पत्रे आली आहेत त्यांचा आशय बव्हंशी एकच आहे. ‘वाघ्या घेवडा’ असे ठळक छापलेल्या पिशवीतले बियाणे रोख पैसे मोजून आणले, वापशावर पेरले, उगवणही समाधानकारक झाली. परंतु पीक फुलावर येताच रानात दोन-तीन तऱ्हांची झाडे स्पष्ट दिसू लागली, काहींची ठेवण निराळी, काहींचा फुलोरा आठवडाभर आधीचा, आणि अखेर खळ्यावर जो माल पडला त्यात तांबूस पट्ट्यांच्या दाण्यांशेजारी निव्वळ तांबडे आणि फिकट दाणेही सापडले. आडत्याने साहजिकच मिसळ मालाचा भाव दिला.

ज्यांनी रीतसर तक्रारअर्ज केले त्यांची हकिकत याहून उद्वेगजनक आहे. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीसमोर पिशवी, लेबल, पावती आणि शिल्लक बियाणे हजर करावे लागते, हे योग्यच आहे. पण घेवड्याचे पीक जेमतेम अडीच-तीन महिन्यांचे, भेसळ डोळ्यांना दिसते ती फुलोऱ्यापासून पुढे, आणि अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकून समिती बांधावर येईपर्यंत झाडे उपटून खळ्यावर गेलेली असतात. एका वाचकांना पंचनाम्यात ‘पीक जागेवर आढळले नाही’ असा शेरा मिळाला. अडीच महिन्यांच्या पिकाला ऊस-कापसाच्या सवडीने पंचनामा लावणाऱ्या व्यवस्थेने हा शेरा शेतकऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरावा, ही गोष्ट सहन करण्याजोगी नाही. फुलोऱ्यात आलेला घेवड्याचा अर्ज आठ दिवसांत रानात पोहोचलाच पाहिजे, एवढा साधा हुकूम जिल्ह्याच्या पातळीवर काढण्यास कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे, हे संबंधितांनी सांगावे.

पण पंचनामा वेळेवर झाला तरी पुढे काय? पिशवीवर ‘शुद्धता ९८ टक्के, उगवण ७५ टक्के’ असे लिहिलेले असते आणि प्रयोगशाळेतून अहवालही तसाच येतो, कारण ही शुद्धता भौतिक आहे: खडा, माती, काडीकचरा आणि इतर पिकांचे दाणे वगळून उरलेला घेवडा. तो घेवडा कोणत्या वाणाचा, याविषयी तो आकडा एक अक्षरही बोलत नाही. आनुवंशिक शुद्धता ठरते ती नमुना रानात पेरून, शेजारी प्रमाण नमुना लावून, झाड न् झाड तपासल्यावर. वाघ्याच्या बाबतीत मूळ पेच येथे उभा राहतो, कारण तपासणीसाठी लागणारा प्रमाण नमुना कोणाच्या ताब्यात आहे, हे सांगणारी कचेरी आम्हांस आढळलेली नाही.

२०१६ साली वाघ्या घेवड्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा या तालुक्याने तो आनंद मनापासून साजरा केला, आणि त्यात गैर काहीच नव्हते. दिल्ली-पंजाबकडे राजमा म्हणून जाणाऱ्या या मालाला आपल्या मुलुखाचे नाव लाभले. परंतु १९९९ च्या त्या कायद्याने संरक्षण दिले ते बाजारात विकल्या जाणाऱ्या जिनसाच्या नावाला, पेरल्या जाणाऱ्या बियाण्याला नव्हे. बियाण्याचा कायदा १९६६ चा. त्यानुसार प्रमाणीकरणाचे निळे लेबल अधिसूचित वाणालाच मिळते, आणि पैदासकार, पायाभूत, प्रमाणित ही साखळीही त्यालाच लाभते. परंपरागत वाणाच्या नशिबी उरते ते विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेले सत्यतादर्शक हिरवे लेबल. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाची नोंद करण्याची सोय आहे, पण ती नोंद स्वामित्वाची. दरसाल शुद्ध बियाणे सिद्ध करण्याची तजवीज त्यात नाही. गेल्या नोव्हेंबरात, २०२५ साली, केंद्राने प्रसृत केलेल्या बीज विधेयकाच्या मसुद्यात शेतकऱ्यांच्या वाणांना नोंदणीतून मोकळीक ठेवली आहे. ती मोकळीक आम्ही स्वागतार्ह मानतो. मात्र त्या वाणाचे नाव छापून भलतेच बी विकणाऱ्याला तिच्या आड लपता येणार नाही, असे कलम त्या मसुद्यात स्पष्ट शब्दांत असावयास हवे.

बियाण्याच्या साखळीवाचून केवळ नाव राहिले म्हणजे काय होते, याचे उदाहरण परदेशातील भांगेच्या व्यापारात पाहावयास मिळते. कायद्याच्या बंदीमुळे दीर्घकाळ ज्या पिकाला पैदासकार, प्रमाण नमुना आणि तपासणी यांपैकी काहीच मिळाले नाही, त्याच्या बियांची विक्री आकर्षक नावांवर चालत आली. आणि कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली नमुन्यांची जनुकीय तुलना केली तेव्हा एकाच नावाचे नमुने पुष्कळदा परस्परांपेक्षा भलत्याच नावाच्या नमुन्यांशी अधिक जुळताना आढळले. उलट त्याच वनस्पतीचा धाग्यासाठी होणारा प्रकार युरोपात प्रमाणित बियाण्याच्या शिस्तीत वाढला, आणि त्यातील नर-मादी फुले एकाच झाडावर येणाऱ्या वाणांच्या मूलभूत बीजोत्पादनास तेथील नियमाने पाच हजार मीटरचे विलगीकरण लागते, कारण परागकण वाऱ्याने वाहतो आणि एक-दोन पिढ्यांच्या दुर्लक्षाने वाण विस्कटतो.

आपल्या घेवड्यास पायाभूत बियाण्यासाठी दहा मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी पाच मीटर पुरतात. तो स्वपरागी आहे. फूल उमलण्यापूर्वीच बहुधा परागीभवन उरकते आणि परसंकर शेकड्यास एखाद-दुसऱ्या फुलापलीकडे क्वचितच जातो. विल्हेल्म योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने शुद्ध वंशरेषेचा सिद्धांत १९०३ साली मांडला तो घेवड्याच्याच दाण्यांवर प्रयोग करून: एका दाण्यापासून स्वपरागाने चाललेल्या संततीत लहान-मोठे दाणे निवडून पेरले तरी पुढील पिढीची सरासरी बदलत नाही, हे त्याने दाखविले. ज्या पिकाला निसर्गाने इतके स्थैर्य दिले त्याचे बियाणे विस्कटत असेल तर दोष फुलाकडे नाही. तो खळ्याकडे आहे, पोत्याकडे आहे, गोदामाकडे आहे. आणि येथे आपल्या शेतकरी वाचकांनाही दोन कठोर शब्द ऐकवणे आम्हांस भाग आहे. वरुणसारखा सुधारित वाण आणि वाघ्या एकाच खळ्यावर, एकाच मळणीयंत्रातून, यंत्र न झाडता काढणारे आपणच. भाव चढताच घरचे बी विकून पेरणीच्या तोंडावर बाजारातला खाण्याचा माल बियाणे म्हणून आणणारेही आपणच. त्या मालाबरोबर बियाण्यातून पसरणारा मोझॅकचा विषाणू आणि जिवाणूजन्य करपाही रानात येतो. वर्षानुवर्षे घरचे बी राखणारी घरे या टापूत होती, आजही काही असतील. त्यांची विचारपूस आपण अखेरची केव्हा केली?

सरकारी साखळी उभी राहण्याची वाट पाहत बसल्यास वाघ्या हे केवळ दाखल्यावरचे नाव उरेल. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे असे, की प्रत्येक गावाने येत्या खरिपात एकच रान, दोन-चार गुंठ्यांचे का होईना, मूळ बियाण्यासाठी राखावे. जुन्या घरांतून मिळेल ते बी, घराघराचे वेगळे ठेवून, त्यात पेरावे. फुलोऱ्यात एकदा आणि शेंगा भरताना पुन्हा एकदा फिरून निराळी झाडे मुळासकट काढावीत. अस्सल व निरोगी अशी दोनशे झाडे खुणेची काडी लावून राखावीत आणि त्यांच्या शेंगा हाताने सोलून झाडागणिक वेगळ्या कागदी पुडीत ठेवाव्यात. पुढील हंगामी एका पुडीची एक ओळ पेरावी. ओळीत एक जरी झाड विसंगत निघाले तरी ती ओळ सबंध बाद करावी, तिच्यातली चांगली झाडे वाचविण्याचा मोह धरू नये. उरलेल्या ओळींचे एकत्र बी हेच त्या गावाचे मूळ बियाणे. दोनशे पुड्या कशासाठी, एकच उत्तम झाड का निवडू नये, असे कोणी विचारील. वाघ्या हा परंपरागत वाण आहे, त्याच्यात जवळजवळच्या अनेक वंशरेषा नांदतात आणि कमी-अधिक पावसात तग धरण्याची त्याची शक्ती त्या विविधतेतच आहे, ती एका झाडापायी गमावू नये.

हे बी शेजाऱ्यास विकण्यास परवाना लागेल काय, अशी धास्ती काही पत्रांतून दिसते. १९६६ च्या कायद्याचे २४ वे कलम वाचावे: स्वतः पिकविलेले बी स्वतःच्या जागेवर, पेरणीसाठी, थेट दुसऱ्या शेतकऱ्यास देणाऱ्याला त्या कायद्याची बंधने लागू होत नाहीत. ज्या गावांचे रान ठरेल त्यांनी घराचे नाव, रानाचे नाव आणि बी किती वर्षांपासून राखले आहे याची टाचणे पेरणीपूर्वी आमच्याकडे पाठवावीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे या मूळ बियाण्याचे नमुने गावांच्या नावांसह एकत्रितपणे सुपूर्द करून त्यांची प्रमाण नमुना म्हणून दफ्तरी नोंद व्हावी, अशी मागणी आम्ही त्या टाचणांच्या आधारे करणार आहोत.