पित्ताशयाचं ऑपरेशन जूनमध्येच उरका

पित्ताशयात खडे निघाले की आपल्यात एकच उत्तर, "सीझन संपू दे." डॉक्टर घाई नाही म्हणाले असतील तर ठीक. पण ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा दुखणं थांबेना, तर बोट सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

बंदी १ जून ते ३१ जुलै. दुर्बिणीने केलं तरी चार ते सहा आठवडे जाळं ओढणं, बर्फ उचलणं बंद. म्हणजे जुलैत ऑपरेशन केलं तर १ ऑगस्टला समुद्र नाही. वडोदऱ्याला मुलांकडे राहून सरकारी सयाजी रुग्णालयात करणाऱ्यांनी मे महिन्यातच तपासण्या उरकाव्यात. शुगरची, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. उपाशी म्हटलं की चहासुद्धा नाही.

नंतर खांदा दुखतो, घाबरू नका. पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं, दोन-तीन दिवसांत जातं. पित्त यकृतात तयार होतं, त्यामुळे पचन चालू राहतं. तळलेली सुरमई मात्र काही दिवस लांबच (हे सगळ्यात जड जातं!).

बोटमालकांना आम्ही स्पष्ट सांगतो, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत खलाशाला बोलवू नका. आणि त्याची जागा दुसऱ्याला देऊ नका.