‘डिड्यूस’ लिहिण्याआधी

जुलैमध्ये मी हाऊसच्या ड्यूटी बुकात एक इंग्रजी वाक्य लिहिलं. त्यात स्पेलिंगची चूक नव्हती, काळाची नव्हती. तरी त्या वाक्यामुळे सातवीतल्या एका मुलाचा रविवारचा घरचा फोन बुडाला. म्हणून यंदा मराठी पानासाठी पावसावर कविता न देता एका इंग्रजी क्रियापदावर लिहितो आहे. ते क्रियापद म्हणजे ‘डिड्यूस’.

झालं असं. रात्रीच्या फेरीत एक पलंग रिकामा दिसला. पलंगाखाली चिखलाने भरलेले पीटी शूज, शेजारच्या खिडकीची कडी उघडी. भिंतीपलीकडे पेरूची बाग आहे हे सगळ्यांनाच माहीत. मी लिहिलं, ‘इट इज डिड्यूस्ड दॅट द कॅडेट वेंट आउट ऑफ बाउंड्स.’ लिहिल्यावर दोनदा वाचलं. फार रुबाबदार वाटलं, हे कबूल करतो.

मुलगा एमआय रूममध्ये होता. पोट दुखत होतं म्हणून चपला घालून गेला आणि रात्रभर तिथेच ठेवून घेतला. शूजचा चिखल संध्याकाळच्या हॉकीचा. खिडकीची कडी तर टर्म सुरू झाल्यापासून मोडलेलीच आहे. त्याने सांगितलं, पण हातात चिठ्ठी नव्हती, आणि समोर माझं वाक्य होतं. एमआय रूमचं रजिस्टर मंगळवारी पाहिलं गेलं. तोवर रविवार होऊन गेला होता.

आता क्रियापदाकडे. त्रिकोणाचा एक कोन ५० अंशांचा आणि दुसरा ६० अंशांचा असेल, तर तिसरा ७० अंशांचाच. तो मोजावा लागत नाही. ६८ असण्याची सोयच नाही. इथे ‘डिड्यूस’ शोभतं. दिलेल्या गोष्टी खऱ्या असतील तर निष्कर्ष टळू शकत नाही, असा त्याचा कडक अर्थ. खुणा पाहून ‘बहुधा असं असेल’ म्हणायचं तर ‘इन्फर’ आहे. (भूतकाळात त्यात आर दोनदा येतो. माझे त्यात दोन मार्क गेले आहेत.) दोन्हींच्या मागे ‘फ्रॉम’ येतं, म्हणजे कशावरून ते सांगावं लागतं. माझ्या वाक्यात ‘फ्रॉम’ नव्हतंच. शूजवरून आणि खिडकीवरून असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याने निदान ‘एवढ्यावरून?’ असं विचारलं असतं.

तिसरं ‘इम्प्लाय’. त्याचा घोळ वर्गात रोज होतो. बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर करतो. ‘सर इन्फर्ड दॅट वुई आर लेझी’ म्हणजे सरांनी आमच्याकडे पाहून तसं ताडलं. सरांनी तसं सुचवलं असेल तर ‘इम्प्लाइड’. आणि ‘फाइव्ह मार्क्स वेअर डिड्यूस्ड’ असं लिहिणाऱ्या माझ्या मित्रासाठी: मार्क ‘डिडक्ट’ होतात. दोन्हींचं नाम ‘डिडक्शन’ हेच आहे, कारण दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूतून आले. त्यामुळे त्याची फारशी चूक नाही.

ही ‘डिड्यूस’ची हौस आपल्याला लागली कुठून? माझ्यापुरतं सांगायचं तर शेरलॉक होम्समुळे. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत तो डॉक्टर वॉटसनला पाहताच ओळखतो की हा अफगाणिस्तानातून आला आहे. फौजी ढब, रापलेला चेहरा, मनगटं मात्र गोरी, डावा हात अवघडलेला. हे तो ज्या प्रकरणात उलगडून सांगतो त्याचं नावच ‘द सायन्स ऑफ डिडक्शन’ आहे. पण नीट पाहा. १८७९ मध्ये इंग्रज फौज दक्षिण आफ्रिकेत झुलूंशीही लढत होती. तिथेही ऊन होतं, तिथेही हात जखमी होऊ शकत होता. होम्सने केलं ते इन्फर. ते बरोबर निघालं, कारण लेखक त्याच्या बाजूने होता. ड्यूटी बुकात लेखक आपल्या बाजूने नसतो.

आमच्या इंग्रजीच्या मॅडमना हे पटलेलं नाही. डिक्शनरीत ‘डिड्यूस’चा अर्थ ‘इन्फर’ असाही दिला आहे, असं त्यांनी दाखवलं, आणि तो आहे. निबंधात खुशाल चालवावा. पण ज्या वाक्याच्या आधाराने कुणाला शिक्षा होणार आहे, तिथे तो चालवू नये असं माझं ठाम मत आहे. मॅडम, माफ करा.

खरं तर मराठी मुलाने ही चूक करायलाच नको होती. आपल्याकडे ही सावधगिरी क्रियापदातच आहे. ‘पाऊस पडला’ म्हणजे पाहिला. ‘पाऊस पडला असावा’ म्हणजे अंगण ओलं पाहिलं. आजी रोज हे बोलते आणि तिला तर्कशास्त्र शिकावं लागलं नाही. उलट ‘तर्क’ हा शब्द आपण सैल करून ठेवला आहे. ‘तर्क लढवला’ म्हणजे बहुतेक वेळा अंदाजच ठोकला. मी डोक्यात मराठीत तर्क लढवला आणि कागदावर इंग्रजीत तो सिद्ध करून टाकला. मधला ‘असावा’ भाषांतरात गळाला.

हे मी शोधून काढलेलं नाही. मंगळवारी रात्री माफी मागायला गेलो तेव्हा त्या मुलानेच सांगितलं. तोही मराठी. सगळ्यांसमोर मला ‘सर’ म्हणतो, एकटा असला की ‘दादा’. म्हणाला, “दादा, ‘गेला असावा’ असं लिहिलं असतंत ना, तर कुणीतरी एमआय रूममध्ये विचारलं असतं.” रागावलेला नव्हता. आईला मात्र तो आजारी होता हे अजून कळलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी माझी फोनची पाच मिनिटंही त्याला दिली. ड्यूटी बुकात खोडायला परवानगी नाही, म्हणून ते वाक्य तसंच आहे. हाऊसमास्तर सरांना विचारून त्याखाली तारीख घालून एक ओळ वाढवली: वरील वाक्यात ‘डिड्यूस्ड’ चुकीचं आहे, मी फक्त शूज आणि खिडकी पाहिली होती. खाली माझी सही.